बावीस सेकंदांची शांतता

बावीस सेकंदांच्या एका शॉटमधून दिग्दर्शकाला काय काय मिळणार होतं, ते आधी नीट मांडून घेऊ. म्हणजे पुढे तो असा का वागला, याचं कुणाला नवल वाटणार नाही.

पहिली गोष्ट, बुधवारची रात्री नऊची वेळ. वाहिनीवर माहितीपटाला एरवी जी वेळ मिळते, त्या वेळी घरात जागा असतो तो आजारी माणूस आणि त्याला औषध देणारा. नऊला मात्र सगळं घर जेवायला बसलेलं असतं आणि समोर जे लागेल ते बघतं. दुसरी गोष्ट, सहा वर्षांनी त्याची स्वतःची म्हणावी अशी फिल्म लोक बघणार होते. मधल्या काळात त्याने केलेल्या फिल्म म्हणजे शिडी कशी धरावी, रसायनाचा डबा कसा उचलावा, आग लागली तर कोणत्या दाराने बाहेर पडावं. त्या कारखान्यातल्या लोकांनी पाहिल्या, त्याही कामाच्या वेळेत. तिसरी, थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे त्याचे भावजी, दर भेटीत ‘मग, सध्या काय?’ असं विचारायचे आणि उत्तर यायच्या आत सहानुभूतीने मान हलवायचे. ती मान थांबणार होती. आणि चौथी, जी तो स्वतः पहिली म्हणून सांगायचा: सत्याचा विजय होणार होता. सत्य म्हणजे या ठिकाणी बाई.

बाई म्हणजे त्याला शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाई. निवृत्त झाल्यावर त्या दोन तासांवरच्या एका लहान शहरात राहायला गेल्या, तिथल्या नगरपालिकेत विरोधी बाकावर निवडून आल्या आणि बारा वर्षं त्याच बाकावर बसल्या. त्यांनीच जुन्या विद्यार्थ्याला फोन करून सांगितलं की इथला पोहण्याचा तलाव दुरुस्तीच्या नावाखाली तीन वर्षं बंद आहे, ठेका नगराध्यक्षांच्या साडूला मिळालाय आणि सहा महिन्यांनी निवडणूक आहे. दिग्दर्शक कॅमेरा घेऊन निघाला. बाईंच्या घरी उतरला, बाईंनी सांगितलेल्या माणसांना भेटला आणि बाईंनी दाखवलेल्या बाजूने तलाव पाहिला. कोरड्या तळाशी प्लास्टिकची एक खुर्ची उलटी पडली होती. शॉट फार सुंदर आला.

मग नगराध्यक्षांची मुलाखत. अध्यक्ष बोलके होते असं म्हणणं म्हणजे समुद्र जरा ओलसर असतो असं म्हणण्यासारखं आहे. मुलाखत एक तास पन्नास मिनिटं चालली. ‘हा ठेका तुमच्या साडूंनाच कसा मिळाला?’ या एका प्रश्नावर ते अकरा मिनिटं बोलले. त्यातली पहिली दोन दिग्दर्शकाने ऐकली. त्यात निविदांचे नियम, पाकिटांचे आकार आणि फरशीचे तीन प्रकार आले, तेव्हा तो तोंडावर लक्ष असल्याचा भाव ठेवून मनाने पुढच्या प्रश्नाकडे निघून गेला.

पण जुळवलेल्या फिल्ममध्ये यातलं काहीच नव्हतं. फिल्ममध्ये तो प्रश्न येतो आणि अध्यक्ष गप्प बसतात. ओठ घट्ट मिटलेले. नजर कॅमेऱ्याच्या डावीकडे, किंचित वर, जणू तिथून कुणी तरी उत्तर पुरवणार आहे. गाल जरासे फुगलेले. एकदा आवंढा गिळतात. बावीस सेकंद. मग पडदा काळा होतो.

वाहिनीच्या कार्यक्रमप्रमुख बाईंनी हे पाहिलं आणि हातातला पेन खाली ठेवला. ‘बाकीची फिल्म बरी आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पण खरी फिल्म ही शांतता आहे. हिच्यासाठी मी तुला बुधवार देते.’

फिल्मचं संकलन ताई करायची. ताई म्हणजे दिग्दर्शकाची तीच थोरली बहीण. तिच्या घराच्या मागच्या खोलीत दोन मोठे पडदे, एक हलणारी खुर्ची, एक न हलणारी खुर्ची आणि घडी करायच्या कपड्यांचा ढीग असा संसार होता. न हलणारी खुर्ची दिग्दर्शकाची. सोमवारी सकाळी तिथे आवाज साफ करायला कानोबा आला.

कानोबा ध्वनिमुद्रक. खरं नाव वेगळं होतं, पण त्याची बायकोसुद्धा ते आठवून सांगायची. पंचावन्न वर्षांचा, सडपातळ, गळ्यात कायम हेडफोन. पुतणीच्या लग्नाच्या फोटोतही ते आहेत. बारा वर्षं दिग्दर्शकाबरोबर होता आणि शिडीच्या फिल्मचा आवाजही त्याने असा नितळ घेतला होता की शिडी गाते आहे असं वाटावं.

त्याने फिल्म सुरुवातीपासून लावली. अर्ध्या तासाने तो प्रश्न आला, मग ती शांतता आली. कानोबाने मागे नेऊन पुन्हा ऐकली. मग हेडफोन काढून नुसतीच पाहिली.

‘हा माझा हात आहे,’ तो म्हणाला.

‘कुठे?’ दिग्दर्शकाने विचारलं.

‘फ्रेमच्या बाहेर. हे त्याच्याकडे बघतायत.’

याचा अर्थ त्या खोलीतल्या तिघांनाही लगेच कळला, म्हणून तिघांनी तीन वेगवेगळ्या गोष्टींकडे पाहिलं. तुम्हाला मात्र सांगायला हवं. प्रत्येक खोलीची आपापली शांतता असते. एकीत लांबचा रस्ता ऐकू येतो, दुसरीत भिंतीपलीकडचा फ्रिज. म्हणून मुलाखत संपली की ध्वनिमुद्रक सगळ्यांना अर्धं मिनिट गप्प बसवतो आणि त्या खोलीची शांतता भरून घेतो. पुढे दोन वाक्यं जोडताना मध्ये फट राहिली की हीच शांतता तिथे ठिगळासारखी लावायची. त्या अर्ध्या मिनिटात कानोबा उजव्या हाताचा तळवा वर धरून उभा राहायचा आणि समोरचा माणूस नाइलाजाने त्या तळव्याकडे बघत बसायचा. कॅमेऱ्याचं तेव्हा काही काम नसतं. या वेळी दिग्दर्शक तो बंद करायला विसरला होता.

‘मी त्यांना काय म्हटलं होतं, आठवतं?’ कानोबा म्हणाला. ‘म्हटलं, अध्यक्षसाहेब, आता फक्त आवाजासाठी अर्धं मिनिट. हलायचं नाही, बोलायचं नाही. ते म्हणाले, म्हणजे अगदीच नाही? म्हटलं, अगदीच नाही. मग म्हणाले, श्वास चालेल का?’

ताईला हसू आलं. तिने ते कपड्यांच्या ढिगाकडे तोंड करून संपवलं.

‘कानोबा, तलाव तीन वर्षं कोरडा आहे, हे खरं की खोटं?’ दिग्दर्शक म्हणाला.

‘खरं.’

‘ठेका साडूला मिळाला, हे?’

‘तेही खरं.’

‘मग यात खोटं काय उरलं?’

‘बावीस सेकंद.’

‘अरे, एवढा बोलघेवडा माणूस असा दिसतोय, यातच काही तरी आलं की नाही? मी त्याच्या तोंडी शब्द घातलेला नाही. उलट काढलेत.’

‘एकवीस वर्षांत मी हजारभर माणसं अशी बसवलीत,’ कानोबा म्हणाला. तो आवाज चढवत नसे. चढलेले आवाज त्याला धंद्यामुळे आवडत नसत. ‘मंत्री बसलेत. चोर बसलेत. नवरा जाऊन आठ दिवस झालेली एक बाई बसली होती. सगळे बसतात, कारण मी सांगतो की या अर्ध्या मिनिटाचं कोणी काही करणार नाही. हे नऊ वाजता घराघरांत गेलं की पुढच्या माणसाला मी काय सांगू? हे ठेव तू, फिल्म तुझी आहे. पण माझं नाव काढ. आणि पुढच्या कामाला दुसरा कोणी बघ.’

दिग्दर्शक न हलणाऱ्या खुर्चीत हलला. एका पारड्यात बुधवार आणि दुसऱ्यात कानोबा, असं त्याच्यासमोर येऊन पडलं होतं.

‘ताई, तू बोल ना काही.’

‘मी काय बोलू? कापलंय मीच,’ ताई म्हणाली. ‘त्या दुपारी आपण दोघं वैतागलो होतो. मी गंमत म्हणून लावलं. म्हटलं, बघ बाळ्या, अध्यक्ष गप्प बसले तर कसे दिसतील. तू हसलाच नाहीस. खुर्ची पुढे ओढलीस. तेव्हाच मला कळायला हवं होतं.’ तिने एक टॉवेल उचलला, घडी केली, ठेवला. ‘असं करू. तिथल्या माणसांना आधी दाखवू. अध्यक्ष नकोत, तुझीच माणसं. बाई, पोहायला शिकवणारे मास्तर, सकाळच्या बॅचच्या बायका. ते म्हणाले ठीक आहे, तर मी स्वतः कानोबाचं नाव काढते आणि वाहिनीला फिल्म पाठवते. त्यांना खटकलं, तर शांतता जाईल.’

‘चालेल,’ दिग्दर्शक म्हणाला, इतक्या पटकन, की ताईने त्याच्याकडे वळून पाहिलं. आपलीच माणसं; त्यांना काय खटकणार होतं?

रविवारी अकरा वाजता बंद तलावाच्या तिकीटघरामागच्या लांबट खोलीत मांडणी झाली. पहारेकऱ्याने किल्ली दिली, बाईंनी घरून पडदा आणला, खिडक्यांना टॉवेल लावले. टॉवेल सकाळच्या बॅचचे. ही बॅच म्हणजे चौदा बायका. तलाव बंद झाल्यापासून त्या दर सोमवारी सकाळी सहाला डोक्यावर पोहायच्या रबरी टोप्या घालून फाटकापुढे उभ्या राहत. घोषणा नाहीत, फलक नाहीत, नुसत्या टोप्या. फिल्मचा आत्मा त्याच होत्या. दिग्दर्शकाने त्यांना लांबून, जवळून, खालून, सूर्य मागे ठेवून असं सगळीकडून टिपलं होतं. त्यांच्या घरी कोण कोण असतं, हे मात्र एकीलाही विचारलं नव्हतं. टोपी घातली की सगळ्या सारख्याच दिसतात.

बायकांना फिल्म भलतीच आवडली. स्वतःला पाहून त्या एकमेकींना कोपरं मारत होत्या. ‘अगं, पाठीत किती वाकलीस.’ ‘वाकले नाही, खाली चावी पडलेली.’ बाईंचं कडक भाषण आलं तेव्हा मास्तरांनी टाळी वाजवली. दिग्दर्शक पडद्याकडे पाठ करून उभा होता. त्याला त्यांचे चेहरे बघायचे होते. कानोबा मागे दाराशी. ताई लॅपटॉपपाशी.

मग तो प्रश्न आला. हा ठेका तुमच्या साडूंनाच कसा मिळाला?

अध्यक्ष गप्प.

दिग्दर्शकाला वाटलं, आता कुणी तरी श्वास रोखेल. पाचव्या सेकंदाला कुणी तरी फिस्सकन हसलं. सातव्याला दुसरी. दहाव्याला पहारेकऱ्याने खुर्चीची पाठ धरली. पंधराव्या सेकंदाला चौदा बायका, मास्तर आणि बाई इतके हसत होते की अध्यक्षांचा आवंढा ऐकूच आला नाही. पडदा काळा झाला तरी हसणं संपेना. एक बाई म्हणाली, ‘पुन्हा लावा ना.’

‘यात हसण्यासारखं काय आहे?’ दिग्दर्शक म्हणाला.

‘अरे, तू त्याला दिलंस तरी काय?’ बाई डोळे पुसत म्हणाल्या. ‘बारा वर्षं मी त्याला सभेत गप्प बसवायचा प्रयत्न करतेय. माझा मुद्दा असला की तो बोलतो, त्याचा असला की बोलतो, श्रद्धांजलीचं दोन मिनिटांचं मौन असलं तरी त्याचं महत्त्व समजावून सांगतो. कसं केलंस ते सांग, मला उपयोग आहे.’

‘फिल्म खोटी आहे, बाई,’ तिसऱ्या रांगेतली एक उंच बाई शांतपणे म्हणाली. ‘खुर्ची खरी आहे, फाटक खरं आहे, आम्ही खऱ्या आहोत. पण हे खोटं आहे. लग्नाला एकतीस वर्षं झाली. झोपेत त्यांचं तोंड चालू असतं. परवा दाढ काढली तर डॉक्टरांचा हात तोंडात असतानाही बोलत होते.’

दिग्दर्शकाने विचारलं, ‘कुणाचं तोंड?’

‘आमच्या ह्यांचं. त्यांचं,’ तिने काळ्या पडद्याकडे हात केला.

दिग्दर्शकाने बाईंकडे पाहिलं.

‘अरे, ती अध्यक्षांची बायको,’ बाई म्हणाल्या. ‘तुला ठाऊक नव्हतं? तिसऱ्या लेनमध्ये पोहते. आम्ही तिला तिसऱ्या लेनवालीच म्हणतो.’

‘पण तुम्ही तर फाटकावर उभ्या असता. त्यांच्याविरुद्ध.’

‘घरी सांगून दमले, म्हणून फाटकावर आले,’ तिसऱ्या लेनवाली म्हणाली. ‘घरी मध्ये बोलायला जागा मिळत नाही. आता मला सांगा, ते खरंच गप्प बसले होते की तुम्ही चित्र थांबवलंय?’

तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या कानोबाने सगळं सांगितलं. तळवा, अर्धं मिनिट, श्वास चालेल का, सगळं. आपला हात कसा वर होता तेही दाखवलं आणि तो वर होताच तिसऱ्या लेनवालीने विचारलं, ‘एवढंच करायचं? नुसता हात?’ पुन्हा हशा झाला. दिग्दर्शकाला वाटलं, बरं झालं, हसण्यावारी गेलं. त्याने पाण्याची बाटली उघडली.

‘मग खरं उत्तर काय दिलं त्यांनी?’ ती म्हणाली.

‘लांबलचक होतं.’

‘ते असणारच. पण काय होतं?’

दिग्दर्शक पाणी प्यायला. उत्तर त्याला माहीत नव्हतं. पाकिटं आणि फरशी, एवढंच माहीत होतं. चार महिने ते त्याच्या बहिणीच्या मागच्या खोलीत पडून होतं आणि त्याने तिसऱ्या मिनिटापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, कारण या माणसाकडे सांगण्यासारखं काही नाही हे त्याला शूटिंगच्या आधीच ठाऊक होतं. ताईने तरी शब्द कुठे ऐकले होते? तिने त्या अकरा मिनिटांतून फक्त चेहरे शोधले होते.

‘मी ऐकलंय,’ कानोबा म्हणाला. ‘मला पर्याय नसतो. पण ते इथे नको.’

‘इथेच लावा,’ तिसऱ्या लेनवाली म्हणाली.

ताईने लावलं. पाकिटं आली. फरशी आली. चौथ्या मिनिटाला बायकांनी पर्समधून बिस्किटं काढली. सहाव्या मिनिटाला अध्यक्षांनी क्लोरीनविषयी स्वतःचं मत मांडलं. मास्तर डुलकीच्या बेतात होते. नवव्या मिनिटाला, सूर जराही न बदलता, अध्यक्ष म्हणाले:

‘आता खरं सांगायचं तर, साडूचं पाकीट निघालं तेव्हा मी उठून बाहेर जायला हवं होतं. नियम आहे तसा. नातेवाइकाचा विषय आला की खोलीबाहेर. पण बाहेरच्या बाकाला त्या दिवशी रंग दिला होता, आणि माझा गुडघा तुम्हाला माहीत आहे. बसून राहिलो. मी बसलोय म्हटल्यावर कुणी साडूच्या आकड्याला नाही म्हणेल का? कुणी म्हटलं नाही. चूकच ती. पण उठा असंही कुणी म्हटलं नाही. बाईंनीही नाही. त्या चष्मा शोधत होत्या. आता गुडघ्याचं म्हणाल तर...’

ताईने थांबवलं.

कबुली होती ती. नियम मोडल्याची, स्वतःच्या तोंडून, कॅमेऱ्यासमोर, न विचारता दिलेली. बावीस सेकंदांची शांतता तिच्यापुढे पोरखेळ होता. पण तिच्या शेपटाला बाई बांधलेल्या होत्या, आणि आता खोलीत कुणीही बिस्किट खात नव्हतं.

‘बाळ,’ बाई म्हणाल्या, ‘हे फिल्ममध्ये जाणार आहे का?’

याच आवाजात त्यांनी त्याला सातवीत विचारलं होतं की गृहपाठ स्वतः केलास का. दिग्दर्शकाने बुटांकडे पाहिलं. निवडणूक सहा आठवड्यांवर होती.

‘ताई,’ तो हळूच म्हणाला, ‘“चूकच ती” इथे थांबवता येईल ना?’

‘येईल की. कुणाला कळणारही नाही,’ ताई म्हणाली. ‘त्या बावीस सेकंदांचंही कुणाला कळणार नव्हतं.’

‘हे बघा,’ तिसऱ्या लेनवाली उठून उभी राहिली. ती खरंच उंच होती. ‘माझ्या नवऱ्याची चूक दाखवा. मला आनंद आहे; मला पोहायचंय. पण त्यांची दाखवायची आणि बाईंची कापायची असेल, तर उद्यापासून तुमच्या फिल्मसाठी तेरा टोप्या मोजा. आणि माझ्या नवऱ्याला एकदा गप्प बसवलंत ते पुरे झालं.’

कानोबाने सवयीने मान तिरकी करून त्या खोलीची शांतता ऐकली.

मग बाईच म्हणाल्या, ‘चष्मा पर्समध्ये होता.’

‘बाई, राहू दे,’ दिग्दर्शक म्हणाला.

‘राहू दे काय? सत्ताविसावा विषय होता. त्या दिवशी अडतीस होते. कागद हातात होता, पण अक्षर लागेना. सगळ्यांसमोर थांबा म्हणायची लाज वाटली. आयुष्यभर पोरांना म्हटलं, कळलं नाही तर हात वर करा. आणि मी मान हलवली.’ त्यांनी पदर नीट केला. ‘इतके दिवस माझ्या घरी जेवलास आणि मला एक प्रश्न विचारला नाहीस तू. मला वाटलं, विचारणार नसेल तर आपण कशाला सांगा. लाव कॅमेरा. आधी मला केस विंचरू दे.’

त्यांची मुलाखत तिथेच झाली. सहा मिनिटं. दिग्दर्शकाने प्रश्न विचारताना दोनदा ‘बाई, सॉरी’ म्हटलं आणि दोन्ही वेळा बाईंनी त्याला प्रश्न पुरा करायला लावला. नंतर कानोबाने तळवा वर केला तेव्हा दिग्दर्शक न सांगता कॅमेऱ्यापाशी गेला, तो बंद केला आणि वर त्याचं तोंड भिंतीकडे वळवलं.

बदललेली फिल्म पाहून कार्यक्रमप्रमुख बाईंनी पेन खाली ठेवला नाही. ‘कबुली चांगली आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पण दोन्हीकडचे लोक चुकलेत म्हटल्यावर बघणाऱ्याने रागवायचं कुणावर? आणि ती शांतता कुठे गेली?’

‘ती आमची नव्हती,’ दिग्दर्शक म्हणाला. हे वाक्य त्याला बसमध्ये येताना सुचलं होतं आणि म्हणून झाल्यावर त्याला बरंही वाटलं. पण वाक्याने बुधवार थांबला नाही. तो वजन कमी करण्याच्या एका कार्यक्रमाला गेला. फिल्मला शनिवारी दुपारी तीनची वेळ मिळाली.

अध्यक्षांनी ती पाहिली आणि दिग्दर्शकाला फोन केला. पाऊण तास बोलले. कबुलीबद्दल त्यांची तक्रार नव्हती. ‘ते मी बोललोच आहे,’ म्हणाले. तक्रार होती ती फरशीचा भाग पूर्ण कापल्याची. मुद्दा सगळा तिथेच होता, असं त्यांनी फरशीच्या तिन्ही प्रकारांसह पुन्हा समजावलं. या वेळी दिग्दर्शकाने शेवटपर्यंत ऐकलं. विसाव्या मिनिटाला त्यात शहराच्या गटारांबद्दल एक अशी गोष्ट निघाली, की त्याने ताईच्या वहीचं एक पान फाडून ती लिहून घेतली.

आता कोणी काय मोजलं ते पाहू.

दिग्दर्शकाने बुधवार मोजला. ताईने नव्याने जुळवण्याचे सोळा दिवस. कपड्यांचा ढीग या काळात खुर्चीच्या हाताच्या वर गेला, तो हिशेबात धरायचा की नाही ते तिच्या घरच्यांनी ठरवावं. बाई निवडून आल्या, पण दर वेळी चारशेने येणाऱ्या बाई या वेळी एकेचाळीस मतांनी आल्या, आणि सभेत सत्ताविसावा विषय निघाला की समोरून कुणी ना कुणी विचारतंच, ‘बाई, चष्मा आहे ना?’ त्या डोळ्यांवरचा चष्मा काढून दाखवतात आणि मग विषय पूर्ण वाचायला लावतात. सभा त्यामुळे तासभर लांबते, ती किंमत सगळे मिळून देतात. अध्यक्षांचं अध्यक्षपद गेलं. सभासद ते अजून आहेत; नातेवाइकाचा विषय आला की नियमाने बाहेर जातात आणि शिपायाशी बोलतात. वाहिनीने काही मोजलं नाही. कानोबानेही नाही; त्याचं नाव फिल्मच्या शेवटी जिथे होतं तिथेच आहे.

साडूचा ठेका गेला. दुसऱ्या ठेकेदाराने चार महिन्यांत तलाव भरला. साडूला अख्ख्या फिल्ममध्ये कुणी एक प्रश्न विचारला नव्हता, हे दिग्दर्शकाच्या लक्षात आलं तेव्हा फिल्म लागून आठवडा झाला होता. हा राहून गेलेला प्रश्नही त्याच्याच नावावर लिहायला हवा.

साडूची बायको म्हणजे तिसऱ्या लेनवालीची सख्खी धाकटी बहीण. फिल्म लागल्यापासून ती थोरलीशी बोलत नाही. दोघींचे निरोप आता दोन साडूंमार्फत जातात, आणि एका ओळीचा निरोप अध्यक्ष चाळीस मिनिटांत पोचवतात, त्यामुळे भांडण मिटायला आणखी किती दिवस लागतील याचा अंदाज करता येत नाही. तिसऱ्या लेनवाली रोज सकाळी सहाला पाण्यात उतरते, वीस फेऱ्या मारते आणि खुशीत दिसते. पण आकडे समोर ठेवले की एवढंच निघतं: सगळ्यात जास्त भरलं ते तिने, आणि शनिवारी लागलेल्या फिल्ममध्ये तिचं एकही वाक्य नाही.